ठरलेलं आणि खुशीचं

खान्देशातल्या माणसाचा हात आखडता आहे असं कुणी म्हणालं, तर मी त्याला आमच्याकडच्या एखाद्या लग्नाला घेऊन जाईन. वरात चौकात आली की नवरदेवाच्या डोक्यावरून नोटा ओवाळल्या जातात आणि थेट बँडवाल्याच्या मुठीत जातात. किती गेल्या ते ओवाळणाऱ्यालाही माहीत नसतं. खापरावर मांडे करायला बोलावलेल्या बायांना ठरलेली मजुरी मिळते, वर साडीचोळी होते, निघताना पुरणाचा डबा हातात पडतो. घोडीवाला, आचारी, मांडववाला, कुणीही कोरड्या हाताने जात नाही. आणि याच घरातला माणूस झुरिकमध्ये जेवून उठताना टिप म्हणून दोन फ्रँकचं नाणं टेबलावर ठेवावं की खिशात, यावर बायकोशी पाच मिनिटं कुजबुजतो, शेवटी ठेवतो, दारापर्यंत जातो आणि वळून बघतो, उचललं का कुणी.

चिकटपणा म्हणून हे हसण्यावारी नेणं सोपं आहे. मला त्यात दुसरंच दिसतं. घरी कुणाला काय ठरवून द्यायचं आणि काय खुशीने द्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. परदेशात ती रेघ नेमकी कुठून जाते ते कळत नाही, शिवाय दर देशात ती जागा बदलते. त्यामुळे जिथे द्यायलाच हवं तिथे आपण घासाघीस करतो आणि जिथे कुणी मागत नाही तिथे शंभराची नोट पुढे करून समोरच्याला अवघडून टाकतो.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. परदेशाचं अप्रूप अमळनेरला तसं कमीच. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तेव्हाचे शेअर विकायची घाई केली नाही त्यांनी जग बघून घेतलं. आता तर शेअरवाल्यांचीच मक्तेदारी राहिलेली नाही. रावेर-यावलचे केळीवाले जातात, जळगावचे सराफ जातात, धुळ्याचे निवृत्त मास्तर जातात. सहलीच्या माहितीपत्रकाची शेवटून दुसरी ओळ मात्र सगळ्यांना सारखीच खुपते. व्हिसा, विमा, नाश्ता, जेवण हे सगळं ठळक अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात 'टिप्स वेगळ्या'.

त्या एका ओळीवर किती तरी संध्याकाळी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. 'आपण मोजलेत ना एवढे लाख, मग ड्रायव्हरला कंपनीने द्यावं.' 'काम आवडलं तर देऊ, आधीच कसलं?' 'माझ्या साल्याने गेल्या वर्षी काहीच दिलं नाही, त्याला काय झालं?' या तिसऱ्या वाक्याला आमच्याकडे युक्तिवादाचा दर्जा आहे.

आता थोडं शेताकडे जाते, कारण मला जे म्हणायचंय ते तिथेच सगळ्यात लवकर सापडतं.

आमच्या शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी असायचा. सालदाराचं साल आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. सकाळी पितरांची घागर भरून झाली की वडील ओट्यावर बसायचे, समोर पायरीवर सालदार, आणि बाजूला दोन्हीकडचं ऐकून घेणारा गावातला एखादा वडीलधारा. वर्षाची रक्कम किती, उचल किती, धान्य किती, कपडे किती, पावसाळ्यात दांडी पडली तर काय, सगळं तिथे बोलून व्हायचं. आवाज चढायचे. सालदार एकदा तरी उठून जायचा आणि फाटकापासून परत यायचा. एकदा आकडा ठरला की मग आमरस-पुरणपोळीचं ताट, आणि त्या आकड्याला वर्षभर कुणी हात लावायचा नाही. कापसाला भाव आला म्हणून तो वाढत नसे आणि बोंडअळीने शेत खाल्लं म्हणून घटतही नसे.

याशिवाय जे जायचं ते वेगळं. दिवाळीची पोस्त, त्याच्या पोरीच्या लग्नात आहेर, कापूस विकून आल्यावर हातावर ठेवलेली एखादी नोट. एका दिवाळीला आजीने त्याच्या बायकोला जरा बऱ्यापैकी लुगडं दिलं तर ती खरंच अवघडून म्हणाली होती, "इतलं कसाले?" हे दुसरं देणं सालाच्या आकड्यातून वळतं करायचं वडिलांच्या कधी मनात आलं नाही. आणि पोस्त मिळणारच आहे, म्हणून साल कमी धर, असं ते बोलले असते तर समोरचा माणूस फाटकापासून परत आला नसता.

अमेरिकेत नेमकं तेच झालेलं आहे.

डॅलसला माझा भाचा असतो. तिथल्या एका हॉटेलात आम्ही जेवायला गेलो होतो. जेवण झालं, काळ्या रेक्झिनच्या पाकिटातून बिल आलं, भाच्याने कार्ड दिलं, मुलगी ते घेऊन गेली आणि दोन पावत्या घेऊन आली. जेवणाचे ६४ डॉलर, त्यावर सव्वाआठ टक्क्यांनी ५ डॉलर २८ सेंट टॅक्स, एकूण ६९.२८. त्याच्याखाली एक रिकामी रेघ, तिच्यासमोर 'टिप'. आणखी खाली दुसरी रिकामी रेघ, तिच्यासमोर 'टोटल'. मग सहीची जागा. आपल्याकडे रक्कम दाखवून पिन दाबला की विषय संपतो. तिथे कार्ड आधीच घासून झालेलं असतं, आपण रिकाम्या रेघेवर आकडा लिहायचा, बेरीज करायची, सही करायची आणि उठायचं. तो आकडा नंतर कार्डावर चढतो. भाच्याने १२.८० लिहिलं.

"वीस टक्के," तो म्हणाला. "घाईत असलो की मी टॅक्सची दुप्पट करतो मावशी, साडेसोळा टक्के होतात. त्याच्या खाली जात नाही."

आमच्या ह्यांनी मनातल्या मनात रुपये केले. हजाराच्या वर. जळगावात एवढ्यात चौघांची शेवभाजी होते आणि वर ताक येतं. हे बोलले काही नाहीत, पण गाडीत बसल्यावर विचारलंच, "आणि नाही दिलं तर?"

नाही दिलं तर कायद्याने काही होत नाही. भाच्याने सांगितलेलं पुढचं मात्र आम्हाला नवीन होतं. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण ज्यांना नियमित टिप मिळते अशा नोकरांना मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेलं टिपेतून यायचं. नाहीच आलं तर मालकाने भरून द्यायचं, असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात ते मागायला जाणारा नोकर किती दिवस टिकतो हा वेगळा प्रश्न. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांनी मालकांची ही सवलत काढून टाकली आहे, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासमध्ये अजून २.१३ चालतं.

म्हणजे सालातला मोठा वाटा मालकाने ठरवलाच नाही, तो गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडून दिला. त्या रिकाम्या रेघेवरचं देणं वरून पोस्त दिसतं, आतून ते साल आहे. म्हणून अमेरिकेत मी 'सेवा आवडली का' हा प्रश्न मनात आणतच नाही. पंधरा ते वीस टक्के हा जेवणाचाच भाव, तो धरून हॉटेलात शिरायचं. परवडत नसेल तर काउंटरवरून घेऊन बाकावर बसून खावं, तिथे कुणी वाढायला येत नाही आणि टिपेची सक्तीही नसते. हल्ली कॉफीच्या काउंटरवरसुद्धा मशीनचा पडदा आपल्याकडे फिरवतात आणि त्यावर १८, २०, २५ असे आकडे तयार असतात. त्याला बिनधास्त 'नाही' दाबावं. तिथले लोकही दाबतात आणि वैतागतात. आमचा ग्रुप मोठा असला तर आणखी एक बघायचं. सहा-आठ जणांच्या वर माणसं गेली की बरीच हॉटेलं अठरा-वीस टक्के स्वतःच लावून टाकतात. तो आकडा वर छापलेला असतो आणि खाली रिकामी रेघ असतेच. ती दिसली की आपले लोक भिडेपोटी पुन्हा भरतात.

ही पद्धत अशी का पडली, हे वाचताना मला सारखं भुसावळ आठवत होतं. अमेरिकेत यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी संपली, आणि जॉर्ज पुलमन नावाच्या उद्योजकाने रेल्वेचे झोपायचे आलिशान डबे सुरू केले. प्रवाशांचं सामान उचलणं, बिछाने घालणं, बूट पुसणं या कामांना त्याने नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे पुरुष घेतले. पगार नावापुरता, बाकी प्रवाशांच्या टिपेवर. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने हाकही मारत नसत. मालकाच्या नावावरून सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणत. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांची संघटना उभी राहिली आणि कंपनीने त्यांच्याशी करार केला तो १९३७ मध्ये. बारा वर्षं. त्याच्याही आधीपासून टिप ही सरंजामी खोड आहे, लोकशाहीला शोभत नाही, असं म्हणणारे अमेरिकनही होते. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपेवर बंदीचा कायदा केला, आणखी काही राज्यांनी केला, आणि १९२६ पर्यंत ते सगळे रद्दही झाले. टिपेची सवय युरोपातून अमेरिकेत गेली असं म्हणतात. पुढे युरोपाने ती बरीचशी बिलात जिरवली आणि अमेरिकेने पगारात घातली.

भुसावळ स्टेशनावरच्या हमालाचंही काही फार सुखाचं नाही. पण तिथे निदान दराची पाटी असते, अमुक वजनाला अमुक रुपये. पाटीकडे न बघता आपण भाव करतो तो भाग वेगळा. तो पाटीपेक्षा जास्त मागतो, आपण कमी सांगतो, आणि मधे कुठेतरी सामान डोक्यावर चढतं. सरकारने २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना 'सहायक' असं नाव दिलं. भाव मात्र जुन्याच पद्धतीने होतो.

युरोपचं उरकून टाकते, कारण तिथे गोंधळायला फारसं काही नाही. फ्रान्समध्ये मेन्यूतल्या किमतीतच सेवेचे पैसे धरलेले असतात, १९८७ पासून तसा नियमच आहे. एखाद-दोन युरोची नाणी ठेवली तर छान, नाही ठेवली तरी वेटर उपाशी नाही. स्वित्झर्लंडमध्येही तेच, सुरुवातीला सांगितलेलं ते दोन फ्रँकचं नाणं कसंही वागवा. जर्मनीत रक्कम वरच्या आकड्याला नेतात, पण पैसे देतानाच तोंडाने सांगायचं असतं. बिल २७.६० झालं तर नोटा देताना 'तीस' म्हणायचं. टेबलावर चिल्लर सोडून निघून जाणं तिथे रुचत नाही. इटलीत बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागलेले दिसले की आपली माणसं हमखास भांडतात, 'आम्ही पाव मागितलाच नव्हता!' ते टेबलाचे, ताटवाटीचे पैसे. टिप नव्हे, आणि पावाला हात न लावल्याने सुटणारेही नव्हेत. लंडनमध्ये बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क असतं पण ते बहुधा ऐच्छिक असतं, नको असेल तर काढायला सांगता येतं. मी काढायला सांगत नाही, त्याचं कारण नवा कायदा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये टिपेचा आणि सेवाशुल्काचा सगळा पैसा नोकरांपर्यंत पोचवणं मालकांवर बंधनकारक आहे. त्यातला वाटा मालकाने ठेवून घ्यायचा नाही.

हे वाचल्यावर मला आपल्या सहलीच्या टिपेबद्दलच प्रश्न पडायला लागले. समजा माणशी दिवसाला तीन युरो, दहा दिवस, बसमध्ये चाळीस माणसं. बाराशे युरो झाले. लाखाच्या वर रुपये. ही रक्कम सहलीच्या पैशांबरोबर आधीच भरून घेतात किंवा पहिल्या दिवशी बसमध्ये पाकीट फिरतं. आमच्या एका सहलीत दोन्ही झालं. आधी भरलेलेच होते, आणि शेवटच्या दिवशी माईकवरून 'ज्यांना खुशीने द्यायचं असेल त्यांनी' अशी घोषणा झाली आणि मागच्या सीटपासून पाकीट निघालं. मागच्या सीटवरच्याने शंभर युरो टाकले की पुढच्याची पंचाईत. आधीच्या रकमेतून ड्रायव्हरला किती, स्थानिक गाईडला किती, कंपनीच्या माणसाला किती, असं मी विचारलं तेव्हा 'मॅडम, ते सगळं वरून होतं' असं उत्तर मिळालं. वरून म्हणजे कुठून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून आता मी बुकिंगच्या आधीच हा प्रश्न लेखी विचारते. लेखी विचारलं की उत्तर सरळ येतं, असा माझा अनुभव आहे.

ड्रायव्हरबद्दल मात्र माझ्या मनात मऊ कोपरा आहे. त्याला 'कॅप्टन' म्हणायची पद्धत आहे आणि दुपारनंतर त्याच कॅप्टनवर अख्खी बस चिडलेली असते. 'दहा मिनिटं थांबला असता तर फोटो झाला असता.' त्याच्यापुढे डॅशबोर्डात एक यंत्र असतं, ते त्याचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतं. युरोपीय संघाच्या नियमाने साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला चालवणं नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा. नियम मोडला तर दंड. त्याने थांबायचं नाकारलं ते माज म्हणून नाही. हे माहीत झाल्यावर लोकांचे हात आपोआप सैल होतात, हे मी बसमध्ये बघितलंय. कुणीतरी आधी सांगायला हवं, एवढंच.

ज्याला सगळ्यात कमी मिळतं ते माणूस तर आपल्याला दिसतही नाही. आपण सकाळी साडेसातला बसमध्ये बसतो, खोली आवरणारी बाई साडेनऊला खोलीत येते. चाळीस खान्देशी माणसांनी राहिलेल्या वीस खोल्या एकदा डोळ्यांपुढे आणा. चहाच्या किटलीत मॅगी झालेली. पांढऱ्या चादरीवर लोणच्याचं तेल. बाथरूमच्या दांडीवरून वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी लाद्यांवर. खुर्चीवर ठेचलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा सडा. बाईमाणूस म्हणून मला ते डोळ्यांना टोचतं. ड्रायव्हरने आपल्याला हसून 'नमस्ते' केलेलं असतं, वेटरने पापड जास्त दिलेला असतो, त्यांना आपण देतो. हिने तर आपलं तोंडही पाहिलेलं नसतं.

अमेरिकेत खोलीमागे रात्रीला दोन ते पाच डॉलर ठेवायची पद्धत आहे, आणि ते रोजच्या रोज ठेवायचे, शेवटच्या दिवशी एकदम नव्हे, कारण आज येणारी बाई उद्या असेलच असं नाही. शिवाय नुसती नोट टेबलावर सोडली तर ती हात लावत नाही. पाहुण्याचा विसरलेला पैसा उचलला तर नोकरी जायची. कागदावर 'थँक यू' लिहून त्याखाली ठेवायची. मी तर जिथे पद्धत नाही तिथेही ठेवते. अपवाद एक.

तो जपान. तिथे टिप नाही. हॉटेलात नाही, टॅक्सीत नाही, सलूनमध्ये नाही. पैसे बहुतेक ठिकाणी हातातही देत नाहीत. गल्ल्यापाशी एक लहानसा ट्रे असतो, त्यात नोट ठेवायची, मोड त्यातच परत येते. येनची मोड टेबलावर सोडली तर ती परत द्यायला मुलगा रस्त्यापर्यंत धावत येऊ शकतो, आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही, कारण त्याच्या लेखी तुमचे पैसे विसरले. काम नीट करणं हा कामाचाच भाग, त्याचे पैसे ठरलेले आहेत आणि ते किमतीत आले. पारंपरिक सरायांत, ज्यांना र्योकान म्हणतात, तिथे खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईला काही द्यायची जुनी रीत आहे. पण तेही कागदी पाकिटात घालून, आल्या आल्या, दोन्ही हातांनी. उघडी नोट पुढे केलेली त्यांना बरी वाटत नाही.

आपल्याला हे कळायला काय हरकत आहे? आहेराचं पाकीट आपणही एक रुपयाचं नाणं चिकटवलेलंच घेतो. भाऊबीजेची नोट कुणी चुरगाळून हातावर ठेवत नाही, ओवाळणीच्या ताटात ठेवतो. देण्याची रीत देण्याइतकीच महत्त्वाची असते, हे आजीला सांगावं लागलं नसतं.

जपानचं मला पटतं, आणि तरी मनातून थोडं चुकल्यासारखं वाटतं, हेही कबूल करते. दोन दिवस मन लावून सगळं करणाऱ्या माणसाला नुसतं वाकून निघायचं, हे आमच्या हाडात नाही. म्हणून मी सोबत बिबड्या (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) आणि तिळाचे लाडू नेते. ते चालतात.

आपल्या घरीही सगळं सरळ नाही. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांनी बिलातच दहा टक्के सेवाशुल्क लावायला सुरुवात केली तेव्हा तक्रारी झाल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते सक्तीचं करता येणार नाही अशा सूचना काढल्या, हॉटेलवाले कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे आपल्याकडे ते खुशीचंच राहिलं. मला निकाल बरोबर वाटतो. सक्तीचंच करायचं असेल तर थाळीच्या भावात घाला आणि पोरांना पगार नीट द्या. सिंगापूरमध्ये मेन्यूवर किमतीपुढे दोन बेरजेच्या खुणा असतात, एक दहा टक्के सेवाशुल्काची, एक करासाठी. बसण्याआधीच कळतं. मग पुन्हा टिप द्यायची नाही.

या सगळ्याची दुसरी बाजू मला कळली ती गावातल्याच एका पोराकडून. हॉटेल मॅनेजमेंट करून तो क्रूझवर लागला, खोल्या आवरायच्या कामावर. आमच्या त्या सालदाराचा नातू. आठ-नऊ महिने समुद्रावर, मग दोन-तीन महिने घरी. आखाजीला गावी असला की ओट्यावर येऊन बसतो, आता पायरीवर नाही, खुर्चीवर. मोठ्या जहाजांवर माणशी दिवसाला पंधरा-वीस डॉलर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिप, म्हणून खात्यावर आपोआप चढतात आणि त्या जमा रकमेतून खोली आवरणाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत वाटे पडतात. कमाईचा मोठा भाग तोच, असं तो सांगतो. बऱ्याच जहाजांवर पाहुण्याला ती रक्कम काउंटरवर जाऊन काढून घेता येते. आणि काढतात. कोण काढतं ते त्याने आपल्या लोकांचं नाव घेऊन सांगितलं नाही, पण माझ्या चहाकडे बघत सांगितलं, "काकू, रातले मिठी मारतस, सकायले पैसा काढी लेतस."

त्याच्या आईने आतून विचारलं, मग तू त्यांच्याशी बोलतोस कसा? तो म्हणाला, उतरताना सगळ्यांनाच टाटा करतो, यादी नंतर येते.

यंदा आमच्या भिशीतल्या बायका व्हिएतनामला निघाल्यात. टिपेची तिथे जुनी रीत नाही, पण सहलींच्या गाईडला, बसवाल्याला आता अपेक्षा असते. निन्ह बिन्हला भातशेतांतून होड्या नेतात, तिथल्या बाया पायांनी वल्ही मारतात, तास-दीड तास. त्यांना देणं आलंच. नोटांवर शून्यं इतकी की वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर, घाईत एकीच्या जागी दुसरी जायची. म्हणून ठरलंय की माणशी ठरावीक वर्गणी काढायची, उतरल्याबरोबर पन्नास हजारांच्या नोटा करून घ्यायच्या (एकीचे दीडशे-पावणेदोनशे रुपये होतात) आणि एकीनेच सगळ्यांच्या वतीने द्यायचं. खजिनदार म्हणून माझ्या जावेचं नाव निघालं. ती तयार झाली, पण दोन अटींवर. होडीवाल्या बाईला तिच्या मर्जीने जास्त दिलं तर कुणी तोंड वाकडं करायचं नाही, आणि परत आल्यावर हिशेब मागायचा नाही. पहिली सगळ्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर अजून चर्चा चालू आहे.